हवालदारांचं दुकान आणि भावाचा फ्लेक्स

कोरेगाव तालुक्यातून एका ताईंचं सहा पानी पत्र आलंय. नाव-गाव काढून, त्यांच्याच शब्दांत थोडक्यात देते.

«मावशी, आमचे तात्या गेल्या भाद्रपदात गेले. शहात्तर वर्षांचे होते. १९६६ ला बॉम्बे सॅपर्समध्ये, म्हणजे लष्कराच्या इंजिनिअर पलटणीत, भरती झाले, १९८३ ला हवालदार म्हणून पेन्शनीवर आले. दुसऱ्या वर्षी आईच्या पाटल्या मोडून स्टँडजवळ मोटार रिवायंडिंगचं, म्हणजे शेतपंपाच्या जळलेल्या मोटारी पुन्हा भरायचं, दुकान टाकलं, ते २०१९ पर्यंत चालवलं. पाटीवर वेगळं नाव होतं, पण लोक हवालदारांचं दुकानच म्हणायचे. ७१ च्या लढाईत ते पश्चिमेच्या सीमेवर होते. विचारलं की "आम्ही सुरुंग काढत होतो" एवढं बोलून उठून जायचे. बाकी आम्हांला काही माहीत नाही. एरवी शिस्तीचे फार. रानात जाताना मळलेल्या वाटेनेच चालायचं, गवतात पाय टाकला की ओरडायचे. जळक्या मोटारीतली तांब्याची तार गिऱ्हाइकाला पिशवीत घालून परत द्यायचे.

वर्षश्राद्धाला पुस्तिका काढायची, मजकूर मी लिहायचा असं ठरलंय. धाकट्या भावाने चौकातल्या फ्लेक्सचा मजकूर आधीच केलाय: "रणझुंजार योद्धा, शत्रूला धूळ चारणारे वीर, यशस्वी उद्योजक, शिक्षणप्रेमी, आदर्श कुटुंबप्रमुख." शिक्षणप्रेमी वाचलं आणि माझा हात थांबला. मला बारावीनंतर शिकायचं होतं. तात्यांनी लग्न ठरवलं. माझ्या मुलीला मात्र त्यांनी दुकानात शेजारी बसवून वायंडिंग शिकवलं, ती आज इलेक्ट्रिकल इंजिनिअर आहे. मी सहा वर्षांची होईपर्यंत तात्या मला पाहुणेच वाटायचे. कायमचे आले तेव्हा मी आईला विचारलं होतं, "हे कधी जाणार?" हे सगळं लिहू का? लिहिलं तर म्हणतील, बापाची उणीदुणी काढते. नाही लिहिलं तर माझं मन खाईल.

दुकानातल्या दोन वह्या माझ्याकडे आहेत. एक मोटारींची, एक उधारीची. उधारी एक्केचाळीस हजारांच्या आसपास आहे. धाकटा म्हणतो वसूल करू, थोरला म्हणतो वही जाळून टाक. मला काही सुचत नाही.»

ताई,

आधी फ्लेक्सचं बोलते. तो छापायला गेला असेल तर आजच फोन करून थांबवा. भावाशी भांडू नका. "भरतीची तारीख चुकलीय वाटतं, तपासून सांगते" म्हणा. तारखेचं नाव काढलं की कुणीही थांबतं, आणि आपल्याला चार दिवस मिळतात.

हे मी अंगावर आलेल्या अनुभवाने सांगतेय. माझे वडील तलाठी होते. त्यांच्या वर्षश्राद्धाला आम्हीही चार पानांची स्मरणिका काढली, घाईघाईत. छापखान्यात आधीच्या कुणा गिऱ्हाइकाचा मजकूर तसाच राहून गेला आणि माझे वडील "वारकरी संप्रदायाचे निष्ठावंत पाईक" होऊन बसले. उभ्या आयुष्यात ते एकदाच पंढरपूरला गेले होते, तेही कुणाच्या तरी लग्नाला. आम्ही प्रती वाटल्या, लोकांनी जेवणाआधी वाचल्या, चष्मे पुसले, आणि निघताना तिघांनी माझा हात हातात घेऊन सांगितलं, "अगदी हुबेहूब उतरलेत हो!" रात्री पुतण्याने बोट ठेवून दाखवलं तेव्हा आम्हांला कळलं. वाचून दाखवणारी मीच होते.

तेव्हापासून मनमिळाऊ, कष्टाळू, परोपकारी या शब्दांचा मी धसका घेतलाय. जत्रेतल्या टोपीसारखे ते कुणाच्याही डोक्यावर बसतात. तुमच्या भावाच्या फ्लेक्समधला एक तरी शब्द असा आहे का, जो तात्यांनाच बसेल आणि शेजारच्या गल्लीतल्या दुसऱ्या कुणाला बसणार नाही? मला दिसला नाही. तुमच्या पत्रात मात्र पानोपानी दिसले. पिशवीत घालून परत दिलेली तार दुसऱ्या कुणाचीही नाही.

पण भावाला फार दोष देऊ नका. त्याची अडचण मला समजते. तुमच्या आसपासच्या एखाद्या जुन्या देवळाच्या आवारात वीरगळ, म्हणजे वीराच्या आठवणीचा कोरीव दगड, असेल तर मुद्दाम जाऊन बघा. खालच्या चौकटीत लढाई, पुष्कळदा गाईगुरांवरून झालेली. मधे वीराला वर नेणाऱ्या अप्सरा. त्याच्या वर तो शिवलिंगाची पूजा करत बसलेला, आणि माथ्यावर चंद्र-सूर्य. आपल्याकडच्या बहुतेक वीरगळांवर नाव नसतं. कोण होता, एरवी काय करायचा, त्याच्यामागे घर कुणी चालवलं, काही नाही. चौकटी ठरलेल्या, त्यात माणूस बसवलेला. फ्लेक्सही तसाच असतो, फक्त चंद्र-सूर्याच्या जागी मान्यवरांचे फोटो येतात.

शिवाय वीरगळ पडलेल्याचा असतो. तुमच्याच जिल्ह्यातल्या अपशिंग्याचं उदाहरण घ्या. त्या गावाला सगळे अपशिंगे मिलिटरी म्हणूनच ओळखतात. पहिल्या महायुद्धात त्या एका गावची ४६ माणसं कामी आली. तिथलं स्मारक त्या ४६ जणांचं आहे, आणि ते असायलाच हवं. पण लढाई करून जो परत आला, पेन्शनीच्या कागदांसाठी हेलपाटे घातले, पस्तिशीत नव्याने पोटापाण्याला लागला, कुणी गिरणी टाकली, कुणी टेम्पो घेतला, कुणी बँकेच्या दारात बंदूक घेऊन उभा राहिला, त्याचा दगड आपल्याकडे कुणी घडवला नाही. परत आलेल्या माणसाची आठवण कशी ठेवायची, याची तयार चौकटच आपल्याकडे नाही. मग तुमचा भाऊ हाताला लागते ती उचलतो. लढाईची.

आता त्या लढाईचं.

युद्ध ३ डिसेंबर १९७१ ला सुरू झालं, १६ तारखेला ढाक्यात शरणागती झाली आणि पश्चिमेच्या सीमेवर १७ तारखेला संध्याकाळी गोळीबार थांबला. म्हणजे पंधरा दिवस. तात्यांची नोकरी सतरा वर्षांची आणि दुकान पस्तीस वर्षांचं. भावाच्या मजकुरात या पंधरा दिवसांनी अर्धा फ्लेक्स खाल्लाय. बरं, सॅपरचं काम पंधरा दिवसांत संपतही नाही. गोळीबार थांबतो, पुरलेल्या सुरुंगांना मात्र युद्धबंदी झाल्याचं कुणी कळवत नाही. ते तसेच जमिनीत बसून असतात. सिमला करार जुलै १९७२ मधला, आणि दोन्हीकडची सैन्यं मागे जायला डिसेंबर उजाडला. त्या रानात पुन्हा बैल घालायचे तर आधी कुणीतरी गुडघ्यांवर बसून, सळईने तिरकं टोचत, वीतवीत जमीन चाचपायची असते. जेवढी तपासली तेवढीच्या कडेने पांढरी फीत बांधायची आणि तिच्या आतच पाय टाकायचा.

तुम्ही लिहिता, युद्धाबद्दल आम्हांला काही माहीत नाही. आणि त्याच पत्रात, दोनच ओळींनंतर, तात्या मळलेल्या वाटेनेच चालायला लावायचे, गवतात पाय टाकला की ओरडायचे असं लिहिता.

मी असं म्हणत नाही की त्याचं कारण हेच. साप-विंचवाची भीतीही असेल. कोरेगावच्या रानात ती काही खोटी नाही. तुम्हीही तसं म्हणू नका. "युद्धाच्या भीषण आठवणींनी त्यांचा आयुष्यभर पाठलाग केला" वगैरे तर अजिबात लिहू नका, तो सिनेमा होईल. एवढंच लिहा: तात्या सॅपर होते. १९७१ च्या लढाईबद्दल "आम्ही सुरुंग काढत होतो" याहून जास्त ते कधी बोलले नाहीत. आम्हांला रानात मळलेल्या वाटेनेच चालायला लावायचे. तीन वाक्यं, आणि पुढचा परिच्छेद. ज्याला जोडायचं तो जोडेल. तात्यांनी जे सांगितलं नाही ते त्यांच्या नावावर खपवायचा हक्क तुम्हालाही नाही आणि भावालाही नाही.

भावाला हे पटणार नाही, कारण त्याला वाटतं, सुरुंग काढणं म्हणजे लढणं थोडंच? त्याला मेजर रामा राघोबा राणे यांच्याबद्दल सांगा. कारवारकडच्या चेंडियाचा माणूस, तात्यांच्याच बॉम्बे सॅपर्समधला. एप्रिल १९४८ मध्ये नौशेराहून राजौरीकडे निघालेल्या रणगाड्यांना वाट करून द्यायचं काम त्यांच्याकडे होतं. ८ ते ११ एप्रिल त्यांनी सुरुंग उचलले, रस्त्यावर पाडून ठेवलेली झाडं हटवली. स्वतः जखमी होते. रणगाड्याखाली सरपटत, दोरीने चालकाला खुणा करत ते पुढे सरकले. परमवीर चक्र मिळालं, आणि ते जिवंतपणी घेणारे ते पहिले. धूळ चारायची भाषा त्यात कुठेच येत नाही. फ्लेक्सवर काही तरी रुबाबदार हवंच असेल तर भावाला म्हणावं, "माजी सैनिक, हवालदार, बॉम्बे सॅपर्स" लिही. ज्यांना कळतं ते त्या शब्दापाशी थांबतील. आणि तरुणपणीचा गणवेशातला फोटो लावायचाच असेल तर त्याच्या शेजारी, त्याच मापाचा, दुकानातला लावा. बनियनवर, मांडीत मोटारीचा स्टेटर घेतलेला असा असेल तर फारच छान. तसा नसेल तर गिऱ्हाइकांपैकी कुणाच्या तरी घरात निघेल.

फौजेचा जो भाग तपासता येतो तो मात्र नीट तपासा. घरात डिस्चार्ज बुक असणार, बहुधा काळ्या ट्रंकेत किंवा पेन्शनीच्या फाइलमध्ये. त्यात भरतीची तारीख, ट्रेड, केलेले कोर्स, मेडलं आणि वर्तणुकीचा शेरा असतो. तो शेरा जो असेल तो जसाच्या तसा छापा. सतरा वर्षं वरच्या अधिकाऱ्यांनी पाहून दिलेला शब्द "आदर्श" पेक्षा वजनदार असतो. ट्रेड बघायला विसरू नका. दुकानाचं मूळ बहुतेक तिथेच सापडेल. मेडलं असतील तर गोल मेडलची कड भिंगाखाली धरा, नंबर, हुद्दा आणि नाव कोरलेलं असतं. कागद हरवले असतील तर पीपीओवरचा, म्हणजे पेन्शन मंजुरीच्या आदेशावरचा, सर्व्हिस नंबर घेऊन सातारच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा. ते खडकीच्या रेकॉर्ड ऑफिसला कसं लिहायचं ते सांगतात. मात्र उत्तर वर्षश्राद्धाच्या आत येईल अशा भरवशावर राहू नका. आईचं फॅमिली पेन्शनचं काम अजून अडलं असेल तर त्याच फेरीत तेही करून घ्या. खरं तर ते आधी करा.

एक गंमत म्हणून विचारते, फौजी कॅन्टीनच्या दारूच्या कोट्यावरून तात्यांचे गावात किती मित्र झाले होते? आमच्या आळीत एक सुभेदार होते. महिनाअखेरीला त्यांच्या तब्येतीची चौकशी करणारे एकदम वाढायचे. हे पुस्तिकेत घाला न घाला. आमच्याकडे घातलं असतं तर लोक खरोखर हसले असते, आणि सुभेदारही.

आता दुकान. पत्रातला सगळ्यांत दमदार ऐवज म्हणजे ती मोटारींची वही, आणि तुम्ही तिच्यावर एक ओळ खर्ची घातलीत! तुमच्यासारख्यांच्या घरात दिवसरात्र तेच काम पाहिलेलं, त्यामुळे त्याचं काही वाटत नाही. पण पुण्यामुंबईला गेलेल्या भाच्या-पुतण्यांना त्यातलं काही माहीत नाही. त्यांना सांगा की थ्री फेजची लाइन रात्रीची यायची, अपरात्री एखादा फेज जायचा, उरलेल्या दोन फेजवर मोटार घुमत राहायची, जास्तीचा करंट ओढायची आणि पहाटेपर्यंत वास यायचा. ऊस वाळायला लागलेला. मग शेतकरी मोटार सायकलच्या कॅरिअरला बांधून किंवा बैलगाडीतून उजाडायच्या आत दुकानापुढे हजर. जळकं वायंडिंग नुसतं ओरबाडून काढून चालत नाही, हे त्यांना सांगा. किती स्लॉट म्हणजे खाचा, एका कॉइलला किती टर्न म्हणजे वेढे, तारेचं गेज म्हणजे जाडी काय, कुठली कॉइल कुठल्या स्लॉटमध्ये जाते, हे आधी मोजून लिहून ठेवायचं, मग तोडायचं. मोजणीत चुकलं तर मोटार पुन्हा जळणार, आणि या वेळी शिव्या हवालदारांना. पस्तीस वर्षं त्यांनी हे मोजलं. आधी मोजायचं, खूण करायची, मगच हात घालायचा. ही सवय कुठली ते मी सांगणार नाही, वर एकदा सांगून झालंय.

तुम्ही पत्रासोबत त्या वहीच्या एका पानाचा फोटो पाठवलाय, बहुधा अक्षर दाखवायला. मी भिंग घेऊन वाचला. १९९२ सालातली नोंद आहे. पाच एचपी, स्लॉट ३६, खाली टर्न आणि गेज. त्याच्याखाली, वेगळ्या शाईत: "दुसऱ्यांदा जळाली. एक फेज जातो. स्टार्टर बदलायला सांगितले. ऐकत नाही." आणि पुढच्या नोंदीत, तीन महिन्यांनी, तोच माणूस: "तिसऱ्यांदा. स्टार्टर आपण घातला. पैसे ऊसबिलावर."

ताई, अख्खी पुस्तिका लिहिलीत तरी "स्टार्टर आपण घातला" याच्या वर तुम्हाला जाता येणार नाही. तेवढं पान जसंच्या तसं छापा, डागांसकट. गिऱ्हाइकाचं नाव तेवढं झाका.

आणि त्या तांब्याच्या तारेचं काय ते नीट समजावून सांगा. ज्यांचा या धंद्याशी संबंध नाही त्यांना कळणार नाही की त्यात काय मोठं. मोटार भरणारा जळकी तार बहुतेक ठेवून घेतो. तांबं मोडीत चांगल्या भावाने जातं, आणि शेतकरी काही विचारत नाही, तो मोटार कधी मिळते या घाईत असतो. तात्यांनी ती वर्षानुवर्षं पिशवीत घालून परत दिली. महिन्याकाठी त्यात किती गेले असतील हे तुमच्या धाकट्या भावाला बसून काढू दे. त्याला हिशेबाची आवड दिसते, आणि त्यालाही काही काम हवं.

यशस्वी उद्योजक हे शब्द मात्र मी काढून टाकेन. दुकान पस्तीस वर्षं चाललं, घर चाललं, तुमची लग्नं झाली, आणि शेवटी एक्केचाळीस हजार येणं राहिलं. याला यश म्हणायचं की नाही ते वाचणारा ठरवेल. आईच्या पाटल्या परत झाल्या का? ते पत्रात नाही. विचारून घ्या. झाल्या असतील तर कुठल्या वर्षी, आणि नसतील तर तेही लिहा.

उधारीची वही. वसूल करायची नाही आणि जाळायचीही नाही. व्यवहाराचं आधी सांगते: अशा उधारीवर साधारण तीन वर्षांत दावा लावला नाही आणि मधे समोरच्याने काही लिहून दिलं नाही, तर पुढे कोर्टात ती सहसा टिकत नाही. दुकान २०१९ ला बंद झालं. म्हणजे धाकट्याचा वसुलीचा बेत नुसत्या भिडेवरच चालणार, आणि भिडेने बापाच्या वर्षश्राद्धाच्या तोंडावर पैसे मागायचे, हे मला तरी बघवणार नाही. पण ती वही म्हणजे तात्यांना ओळखणाऱ्या माणसांची यादी आहे, नावगावासकट. तुमच्या कुठल्याही नातेवाइकापेक्षा या लोकांनी त्यांना जास्त वेळ काम करताना पाहिलंय. त्यातली दहा-बारा नावं निवडा आणि फोन करा. पैशांचा विषय काढायचा नाही. "तात्यांवर लिहितेय, तुमची मोटार पहिल्यांदा कधी जळाली होती?" असं विचारा. "तात्यांबद्दल चार शब्द सांगा" असं विचारलंत तर मनमिळाऊ-परोपकारीच ऐकायला मिळेल. मोटारीबद्दल विचारलंत की माणूस बोलता होतो. काही जण पैसे घेऊन येतील, ते घ्या, नाही म्हणू नका, त्यांचाही मान असतो. काही जण तुमचा नंबर बघून फोनच उचलणार नाहीत. त्यांना दुसऱ्यांदा लावू नका.

आणि आता ते, ज्यासाठी तुम्ही मला पत्र लिहिलंत. बाकीचं सगळं तुम्ही त्याच्याभोवती गुंडाळून पाठवलंत.

शिक्षणप्रेमी हा शब्द पुस्तिकेतून, फ्लेक्सवरून, सगळीकडून काढायचा. यात तडजोड नको. भावाने कारण विचारलं तर सांगा, "कारण मी आहे." तुमची बारावी झाली ते साल ९४-९५ असेल. त्या काळात, त्या तालुक्यात, पुष्कळ बापांनी हेच केलं, हे खरं. त्याने तुमचं नुकसान कमी होत नाही, हेही खरं. पण मग "मला शिकू दिलं नाही" हे लिहायचं का? मला वाटतं, लिहायचं. मात्र तक्रार म्हणून नाही आणि माफी म्हणूनही नाही. असं: "बारावीनंतर मला शिकायचं होतं. तात्यांनी माझं लग्न ठरवलं. माझ्या मुलीला त्यांनी दुकानात शेजारी बसवून वायंडिंग शिकवलं. ती इलेक्ट्रिकल इंजिनिअर आहे." चार वाक्यं शेजारी शेजारी ठेवा. मधे "पण" घालायचा नाही, "म्हणून" तर मुळीच घालायचा नाही. "म्हणून" घातलात की तात्यांना पश्चात्ताप झाला होता असं तुम्ही सांगताय, आणि ते तुम्हाला माहीत नाही. झाला असेल. नसेलही, नात हुशार निघाली, मोजायला पक्की, शेजारी बसायला कुणीतरी हवं होतं, एवढंच असेल. मुलीला विचारा, ते शिकवताना काय बोलायचे. तुमच्याबद्दल कधी काही बोलले का, तेही विचारा, पण पुस्तिकेसाठी नको. ते तुमच्यासाठी.

कुणी उणीदुणी म्हणालंच तर म्हणू दे. तुमच्या नावाने छापलेला मजकूर आहे, नगरपालिकेचा ठराव नव्हे. आणि घरच्यांचा फारच विरोध असेल तर ती चार वाक्यं काढा, मी तुम्हाला घर फोडायला सांगत नाही. मात्र त्यांच्या जागी खोटं वाक्य येऊ द्यायचं नाही, एवढं धरून बसा. रिकामी जागा चालेल.

"हे कधी जाणार?" हे मात्र पहिल्याच पानावर घ्या. पत्रात ते वाचलं तेव्हा मी चहा खाली ठेवला. फौजीच्या घरी वाढलेल्या प्रत्येकाला ते कळेल. वर्षाकाठी दोन महिने सुट्टीवर येणारा, ट्रंक आणि होल्डॉल घेऊन उतरणारा, मिशीवाला माणूस, ज्याला आई एकदम वेगळ्या आवाजात हाक मारते. एक दिवस तो आला आणि गेलाच नाही. तुमच्या सहा वर्षांच्या प्रश्नात त्यांची सतरा वर्षं आली, आईचीही.

आई. सहा पानांत आईचा उल्लेख दोनदा आहे. एकदा पाटल्या मोडल्या, एकदा तुम्ही तिला प्रश्न विचारलात. तिने काय उत्तर दिलं ते तुम्ही लिहिलेलं नाही. तात्या ५६ एपीओच्या, म्हणजे फौजेच्या टपालाच्या, पत्त्यावर होते तेव्हा रान कुणी केलं, म्हातारीचं दुखणंखुपणं कुणी काढलं, आंतर्देशीय पत्र यायचं ते तिला वाचता यायचं की मास्तरांकडून वाचून घ्यावं लागायचं, आणि मास्तरांसमोर नवऱ्याला उत्तरात काय सांगायचं नि काय गिळायचं? डिसेंबर ७१ मध्ये तिचं लग्न झालं होतं का? झालं असेल तर ते पंधरा दिवस तिने कुठे, कसे काढले? तात्यांकडून जे कळलं नाही त्यातलं काही तिच्याकडे असेल. तिला आजवर कुणी विचारलं नाही, सगळे त्यांनाच विचारत राहिले.

तेव्हा लिहायला बसण्याआधी तिच्याकडे जा. भावांना घेऊन जाऊ नका. संध्याकाळी नको, घरात माणसं असतात. दुपारी जा, ती भाजी निवडत असेल तेव्हा. फोन रेकॉर्डिंगला लावून ताटाच्या कडेला ठेवा, आधी तिला सांगून. "तात्या कसे होते?" असं विचारू नका. "पहिल्या सुट्टीत आले तेव्हा ट्रंकेत काय काय होतं?" इथून सुरू करा. आणि ती बोलायला लागली की मधे काही दुरुस्त करू नका. घेवडा घ्या आणि शिरा काढत बसा.